अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाची फाइल: खान्देशातून निघण्याआधी

मुलाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, त्यानं आईवडिलांचा अर्ज भरला, की इकडे एरंडोलला किंवा शिरपूरला वडिलांची पहिली धाव तलाठ्याकडे असते. सातबारा, आठ-अ, मग बँकेची सॉल्व्हन्सी, मग सीएचा मालमत्तेचा दाखला. महिनाभरात फाइल चांगली जाड होते, पण मुलाखतीला जे कागद खरंच मागतात त्यातले निम्मे तिच्यात नसतात.

याचं कारण टुरिस्ट व्हिसाचा अनुभव. त्या व्हिसाला ‘हा माणूस परत येईल का’ एवढंच बघतात, म्हणून शेत-घर दाखवायचं. इमिग्रंट व्हिसा म्हणजे कायमचं राहायला जाणं. तुम्ही परत येणार नाही हे इथे धरूनच चालतात. बघतात ते वेगळं: कागदावरचा माणूस तो तुम्हीच का, बोलावणाऱ्याशी नातं खरं का, आणि तिकडे गेल्यावर तुमचा खर्च कोण उचलणार.

पुढचं सगळं मुख्यतः आईवडिलांच्या फाइलला धरून लिहिलं आहे. नवराबायको आणि भाऊबहिणीच्या फाइलीत जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

फाइलीचा प्रवास

मुलगा तिकडे आय-१३० हा अर्ज भरतो. (आईवडिलांसाठी तो नागरिक आणि २१ वर्षं पूर्ण केलेला हवा, नुसतं ग्रीन कार्ड चालत नाही.) आई आणि वडील यांचे अर्ज वेगवेगळे, एकात दोघं बसत नाहीत. मंजुरीनंतर फाइल अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथून केस नंबर येतो, ऑनलाइन खातं उघडतं, आणि तुमचं काम सुरू होतं: माणशी ३२५ डॉलर व्हिसा फी, प्रायोजकाच्या (खर्चाची हमी घेणाऱ्या मुलाच्या) कागदांची १२० डॉलर फी, डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, मग दाखल्यांचे रंगीत स्कॅन चढवायचे. दाखल्याच्या मागच्या बाजूला शिक्का असेल तर तीही बाजू स्कॅन करा. हे फार जण विसरतात. सगळं पूर्ण वाटलं की ‘डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड’ (कागद पूर्ण आहेत) असा निरोप येतो, आणि त्यानंतर मुलाखतीची तारीख. आपल्याकडच्या लोकांना साधारण मुंबईचं वांद्रे-कुर्ला संकुलातलं वाणिज्य दूतावास येतं. पत्रात जे ठिकाण लिहिलं असेल ते खरं.

मध्येच फाइल सोडून देऊ नका. वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर केस बंद करण्याची कारवाई सुरू होऊ शकते. लग्नसराई, कापूस वेचणी, कुणाचं आजारपण, यात वर्ष कसं जातं कळत नाही. काही जमत नसलं तरी अधूनमधून खात्यात लॉगिन करून एखादा निरोप टाकून ठेवा.

भावानं किंवा बहिणीनं बोलावलं असेल तर मात्र घाई करून कागद काढू नका. त्या गटात २०२५ मध्ये भारतीयांच्या २००६ सालच्या अर्जांचे नंबर लागत होते. आज काढलेलं पोलीस प्रमाणपत्र तोवर रद्दी होईल, आणि तुमची मुलंही २१ ओलांडून बहुधा अर्जातून बाहेर पडतील. अशा घरांनी पावती जपावी, पत्ता बदलला की कळवावं, आणि आपापल्या कामाला लागावं.

आधी नावं जुळवा

खान्देशातल्या फाइली अडतात त्या सगळ्यात जास्त नावावर. समजा वडील. शाळेच्या दाखल्यावर ‘भिका रामा पाटील’, सातबाऱ्यावर ‘भिकन रामभाऊ’, पासपोर्टवर ‘भिकन रामचंद्र पाटील’, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव ‘भिकनराव’. गावाला माहीत आहे की माणूस एकच. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला ते चार माणसं दिसतात. आईचं त्याहून कठीण: माहेरचं नाव, सासरचं नाव, लग्नात बदललेलं नाव, आणि कधी ‘मंगला’ तर कधी ‘मंगलबाई’.

एक मोठा कागद घ्या. उभ्या ओळीत दाखले लिहा, समोर त्यावरचं नाव जसंच्या तसं, जन्मतारीख, जन्मगाव. अर्ध्या तासाचं काम आहे, पण कुठे काय फाटतंय ते त्यात लख्ख दिसतं. मग ठरवा.

पासपोर्ट हा पाया. बाकीचं त्याच्याशी जुळवायचं. आधार आणि पॅन दुरुस्त करण्यात लोक महिने घालवतात. या मुलाखतीत त्या दोघांना जवळपास काही किंमत नाही. किंमत आहे ती मुलाच्या जन्मदाखल्याला, कारण आईवडिलांच्या केसमध्ये नात्याचा पुरावा तोच. त्यावर आई आणि वडील दोघांची नावं आहेत का, आणि ती पासपोर्टशी किती जुळतात, हे सर्वात आधी बघा. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अक्षरांची दुरुस्ती होते. शाळेचा उतारा आणि पासपोर्टची प्रत लागते.

जे दुरुस्त होणारच नाही, त्यासाठी दोन गोष्टी. एक, डीएस-२६० मध्ये ‘दुसरी नावं’ असा रकाना आहे, त्यात आजवर कागदावर आलेलं प्रत्येक नाव लिहा. लपवलेलं नाव संशय वाढवतं, लिहिलेलं नाव प्रश्न संपवतं. दोन, ‘ही सर्व नावं एकाच व्यक्तीची’ असं शपथपत्र करून मूळ फाइलीत ठेवा. नाव रीतसर बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राची प्रत काढून ठेवा.

जन्माचा दाखला

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, अंमल १९७० पासून. त्याआधी जन्मलेल्या आईवडिलांची नोंद सापडणं नशिबाचा भाग आहे, पण न शोधता ‘नाही’ म्हणू नका. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकं असतात, म्हणजे गाव नमुना १४. त्यात जन्माची नोंद अनेकदा मिळते. अडचण एवढीच की बाळाचं नाव नसतं. ‘रामा तुळशीराम पाटील यास मुलगा’ इतकंच असतं. तरी नक्कल काढा. वडिलांचं नाव, गाव आणि तारीख यांचा तो जुना, कुणी आत्ता बनवलेला नसलेला पुरावा आहे.

नोंद नसेलच तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा अधिकृत दाखला घ्यायचा. निबंधकाकडे तो नमुना १० मध्ये मिळतो. साध्या कागदावर ग्रामसेवकाची सही-शिक्का घेऊन काम भागत नाही. त्या दाखल्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, आणि जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्या नातलगांची शपथपत्रं. आत्या, मोठा भाऊ, मामा, कुणीही चालेल, पण शपथपत्रात त्यांनी काय लिहायचं ते नीट ठरवा: माझं यांच्याशी नातं काय, जन्म कुठल्या गावी, कधी, आईबापाची नावं काय, आणि हे मला कसं माहीत. तहसीलबाहेरचे टायपिस्ट एकच मसुदा सगळ्यांना छापून देतात. तो तसाच उचलू नका.

आता जन्मतारीख. आपल्या भागात एका पिढीचा वाढदिवस १ जूनला का येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे: गुरुजींनी शाळेत घालताना वय बसेल अशी तारीख टाकली. पासपोर्ट त्या दाखल्यावरून निघाला, म्हणून त्यावरही १ जून. कोतवाल बुकात मात्र श्रावणातली तारीख. दोन्ही कागद हातात असतील तर एक दडवून दुसरा दाखवू नका आणि पासपोर्टशी जुळावा म्हणून नवा दाखलाही ‘काढून’ घेऊ नका. दोन्ही न्या, शपथपत्रात कारण लिहा, विचारलं तर सरळ सांगा.

मुलाच्या दाखल्याबद्दल आणखी एक. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि अनेकांचं माहेर बऱ्हाणपूर, खेतिया किंवा सुरतकडचं. मग नोंद मध्य प्रदेशात किंवा गुजरातमध्ये असते आणि घरचे तीन महिने चोपडा-यावलच्या कचेऱ्या झिजवत बसतात. आधी घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, बाळ कुठल्या दवाखान्यात झालं. काही दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नावाची जागा कोरी. ते निबंधकाकडून आधी भरून घ्यावं लागतं. आणि जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी नोंदवलेला दाखला असेल तर एकट्या त्याच्यावर विसंबू नका. लसीकरणाचं कार्ड, शाळेचा उतारा, जुनं रेशन कार्ड, लहानपणचे फोटो सोबत ठेवा. नात्याबद्दल खात्री पटली नाही तर अधिकारी डीएनए चाचणी सुचवू शकतात.

लग्न, पोलीस, भाषांतर

हे लवकर आटपणारं आहे. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र हवं; पत्रिका आणि फोटो हे त्याचे सोबती, बदली नव्हेत. जुन्या लग्नाची नोंदही ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत विवाह निबंधकाकडे आज करता येते. नवराबायकोच्या केसमध्ये मात्र पत्रिका, फोटो, एकमेकांना पाठवलेले पैसे, भेटींची तिकिटं यांना वजन असतं. आधीचं लग्न मोडलं असेल तर कोर्टाचा हुकूमनामा लागतो. पंचांसमोर स्टॅम्पवर लिहिलेली फारकत गावात चालली असेल, इथे तिच्या भरवशावर राहू नका.

पोलीस क्लिअरन्स, म्हणजे पोलीस प्रमाणपत्र, पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून, फी ५०० रुपये. जळगाव-धुळ्याच्या लोकांना पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रातून काम होतं. सोळा वर्षांवरील प्रत्येकाला लागतं. आखातात किंवा आणखी कुठे वयाच्या सोळाव्या वर्षानंतर वर्षभर राहिला असाल तर त्या देशाचंही लागतं, आणि त्याला वेळ लागतो, म्हणून ते पहिल्यांदा सुरू करा. भारतातलं दोन वर्षांनी जुनं धरतात.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. भाषांतर अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकारानं सहीनिशी लिहून द्यायचं. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे घालायला त्याला आधीच सांगा, नाहीतर ‘चौधरी’ची तीन रूपं एका फाइलीत येतात.

पैसा कुणाचा बघतात

अमेरिकेत मुलगा जे भरतो तो आय-८६४, म्हणजे खर्चाची हमी. हा साधा फॉर्म नाही, सरकारशी केलेला करार आहे. त्यात उत्पन्न दिसावं लागतं ते मुलाचं, अमेरिकेतलं. तुमची केळीची बाग किंवा एमआयडीसीतला गाळा त्याची जागा आपोआप घेत नाही.

किती उत्पन्न? तिथलं सरकार दरवर्षी दारिद्र्यरेषेचा तक्ता काढतं, त्याच्या १२५ टक्के. २०२५ च्या तक्त्यानुसार दोन माणसांना २६,४३७ डॉलर, तिघांना ३३,३१२, चौघांना ४०,१८७, पाच जणांना ४७,०६२. अलास्का आणि हवाईचे आकडे वेगळे. मुलाखतीच्या वेळी चालू असलेला तक्ता बघायचा.

चुकतं ते माणसं मोजण्यात. मुलगा, सून, एक नातू, आणि येणारे आई-बाबा: पाच. कागदोपत्री आईची फाइल वेगळी आणि वडिलांची वेगळी असल्यानं कुणी चार-चारच मोजतो, पण दोघं एकदम निघणार असतील तर पाचांचा हिशेब धरूनच तयारी ठेवा. मुलानं पूर्वी सासऱ्यांची हमी घेतली असेल आणि ती अजून चालू असेल तर तेही मोजायचे.

मुलानं पाठवायचे कागद असे: सही केलेला आय-८६४, त्याची सगळी पानं, आयआरएसकडून (अमेरिकेचं कर खातं) मिळणारी कर विवरणपत्राची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत उतारा, ती फुकट मिळते, डब्ल्यू-२ (मालकानं दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला), नोकरीचं पत्र, अलीकडच्या पगाराच्या पावत्या, नागरिकत्वाचा पुरावा. सही राहून जाणं हा फाइल परत येण्याचा सर्वात फालतू आणि सर्वात नेहमीचा प्रकार. स्वतःचा धंदा असलेल्यांचं वेगळं दुखणं: खर्च वजा करून कर वाचवलेला असतो, म्हणून दुकान जोरात आणि कागदावर उत्पन्न नगण्य. तिथे बँकेतली उलाढाल दाखवून उपयोग नाही, कर विवरणपत्रातला आकडाच बोलतो.

कमी पडलं तर तीन वाटा. घरात सोबत राहणारी सून कमावत असेल तर तिचं उत्पन्न आय-८६४ए हा जोडफॉर्म भरून जोडता येतं. दुसरी वाट जॉइंट स्पॉन्सरची, म्हणजे मुलासोबत हमी घेणाऱ्या दुसऱ्या माणसाची: अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला, तो नातलग असायलाच हवा असं नाही. पण भाऊबंदांना ‘जरा सही कर’ म्हणण्याआधी त्यांना हे सांगा की हमी तुम्ही नागरिक होईपर्यंत, किंवा तिकडे साधारण दहा वर्षांचं काम तुमच्या नावावर जमेपर्यंत, किंवा कायमचे परत येईपर्यंत, किंवा मरेपर्यंत राहते. सत्तरीच्या माणसासाठी याचा अर्थ बहुधा आयुष्यभर. न सांगता सही घेतली तर भाऊबंदकी तिकडेही उगवते.

तिसरी वाट मालमत्तेची, आणि इथे कुठे तुमच्या कागदांना जागा आहे. जितकी तूट, तिच्या पाचपट मालमत्ता दाखवायची (नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला तिप्पट). वरच्या पाच जणांच्या घरात मुलाचं उत्पन्न ४०,००० असेल तर तूट ७,०६२ डॉलर, आणि लागणारी मालमत्ता ३५,३१० डॉलर. ती मुलाची चालते, तुमचीही चालते, पण वर्षाच्या आत फार तोटा न सोसता रोकड व्हायला हवी आणि देशाबाहेर नेता यायला हवी.

आता ही कसोटी सातबाऱ्याला लावून बघा. वडिलोपार्जित जमीन, सात-बारावर पाच भाऊ आणि बहिणींची नावं, हक्कसोड झालेलं नाही. किंवा भोगवटादार वर्ग २, विक्रीला परवानगी लागते. नंदुरबार भागातली आदिवासी खातेदाराची जमीन तर परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकताच येत नाही. वर्षात रोकड कुठून होणार? राष्ट्रीयीकृत बँकेतली मुदत ठेव या कसोटीला सरळ उतरते. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत निवासी माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, म्हणून नेण्याचा प्रश्नही राहत नाही. पतसंस्थेतली ठेव असेल तर ती मोडून बँकेत आणा आणि बरेच महिने तिथेच राहू द्या. जळगावच्या सराफ्यातलं सोनं कितीही चोख असलं तरी या हिशेबात त्याच्या नादी लागू नका. मूल्यांकनाचा खर्च आणि अंगावर घेतलेले प्रश्न, एवढंच हाती येतं.

एक गोष्ट मला वारंवार खटकते. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढलेला असतो, त्यावर वर्षाला साठ-सत्तर हजार. त्याच घरातून सीएच्या पत्रात शेतीचं उत्पन्न पंधरा लाख. दोन्ही कागद एका फाइलीत, आणि वरून कुणी मागितलेले नसताना. अधिकाऱ्यानं कुठला खरा मानायचा? जे मागितलं नाही ते पुढे करू नका, आणि जे द्याल ते एकमेकांशी भांडणार नाही हे बघा.

तरी हमी भरली म्हणजे संपलं असंही नाही. अर्जदार सरकारवर ओझं होईल का, हे ठरवताना कायद्यानं वय, तब्येत, कुटुंब, सांपत्तिक स्थिती आणि शिक्षण-कौशल्य बघायचं असतं. म्हणून वडील शिक्षक किंवा एसटीतून निवृत्त असतील तर पेन्शनचा आदेश, सहा महिन्यांचं पासबुक, ठेवीच्या पावत्या आणि मुलगा घेणार असलेल्या आरोग्य विम्याची माहिती बाजूला तयार ठेवा. विचारलं तर काढायची.

कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीचा सल्ला इथे मिसळू नका. तिथे बहुतेक अर्जदारांना स्वतःच्या खात्यातली रक्कम दाखवावी लागते, बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक यावी लागते, उसने पैसे चालत नाहीत, घर-शेतीची किंमत धरत नाहीत. ‘माझ्या मेहुण्याला तर हेच लागलं होतं’ असं कुणी सांगू लागलं की आधी देश विचारा.

आणि जो एजंट ‘आठवड्यापुरती खात्यात रक्कम फिरवून देतो’ म्हणतो त्याला दारातूनच परत पाठवा. खोटा कागद पकडला गेला तर तो व्हिसा जातोच, शिवाय पुढच्या अर्जांवर आयुष्यभराची बंदी येऊ शकते.

मुंबई

मुलाखतीआधी मेडिकल, तेही दूतावासानं नेमलेल्या डॉक्टरांकडेच. गावच्या डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट चालत नाही. पंधरा वर्षांवरच्यांचा छातीचा एक्स-रे होतो. कधीकाळी टीबी झाला असेल तर उपचार पूर्ण केल्याचे कागद आणि जुने एक्स-रे न्या. शंका आली तर थुंकीच्या तपासणीला दोनेक महिने जातात आणि मुलाखतीची तारीख हुकते. लसींची जी नोंद असेल ती न्या. बीपी-शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी न्या आणि आजार सांगा. डॉक्टरनं बंद पाकीट दिलं तर ते फोडायचं नाही. बोटांचे ठसे आणि फोटोसाठी वेगळ्या केंद्रावर वेगळी वेळ घ्यावी लागते, ते पत्रात असतं.

भुसावळ-जळगावहून कुर्ला किंवा दादरची गाडी सोयीची, नंदुरबारकरांना सुरतमार्गे. पावसाळ्यात कसारा घाटाचा भरवसा नाही, म्हणून रात्रभर प्रवास करून सकाळी थेट मुलाखतीला जाण्याचा विचार सोडा. फोन आत नेऊ देत नाहीत. तो ठेवण्यासाठी बाहेर कुणी तरी हवं.

कागद दोन पाकिटांत: एकात मूळ दाखले चढवलेल्या क्रमानं, दुसऱ्यात राखीव. वर पासपोर्ट, मुलाखतीचं पत्र, डीएस-२६० ची पावती, दोन बाय दोन इंचाचे पांढऱ्या पार्श्वभूमीचे, चष्मा काढलेले फोटो. खिडकीवर शपथ देतात, मग प्रश्न, आणि ते सोपे असतात: कुणी बोलावलं, तो काय करतो, कुठल्या गावात राहतो, सुनेचं नाव काय, मुलं किती, पूर्वी अमेरिकेला गेला होतात का आणि किती राहिलात. ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ हे उत्तर पुरत नाही. कंपनीचं आणि शहराचं नाव आईलाही यायला हवं. इंग्रजी येत नसेल तर संकोच नको, मराठी-हिंदीत बोलायची सोय असते. मागतील तेवढाच कागद द्यायचा.

हातात २२१-जी (तूर्त व्हिसा रोखून ठेवण्याचं कलम) लिहिलेली चिठ्ठी आली तर घाबरून गावभर ‘नाकारलं’ म्हणून सांगू नका. बहुतेक वेळा एखादा कागद कमी असतो आणि तो कसा पोचवायचा ते तिच्यावरच लिहिलेलं असतं.

व्हिसा मिळाल्यावर

व्हिसावर शेवटची तारीख असते. ती मेडिकलला बांधलेली, सहसा सहा महिन्यांच्या आतली. त्याआधी पोचावं लागतं. निघण्यापूर्वी २३५ डॉलर इमिग्रंट फी ऑनलाइन भरायची, म्हणजे ग्रीन कार्ड मुलाच्या पत्त्यावर येतं.

शेतीचं इकडेच उरकून जा. अनिवासी झाल्यावर आहे ती जमीन ठेवता येते, पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही आणि विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच. बँकेला कळवून खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं) करून घ्यायचं. पीक पाहणी, वीजबिल, भाड्याचा गाळा कोण बघणार ते ठरवून त्याच्या नावानं दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत मुखत्यारपत्र करा, आणि त्याला कशाचा अधिकार आहे तितकाच कशाचा नाही हेही त्यात स्पष्ट लिहा: पीक विकता येईल, जमीन विकता येणार नाही.